कुडाळ ते सावंतवाडी: मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या शोधात

807 व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळीच्या) माझ्या एएम रेडिओ ट्रान्समीटरला प्लेटवर (व्हॉल्व्हच्या धन टोकावर) 600 व्होल्ट आणि 100 मिलिअँपिअर, म्हणजे 6,000 ओहमचा भार जुळवणारा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आवाज रेडिओलहरीवर चढवणारा ट्रान्सफॉर्मर, हवा होता. या नावाने मागितल्यास तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. जत्रांतून आणि दशावतारी नाटकांतून एकेकाळी वाजलेले व्हॉल्व्हचे अँप्लिफायर मात्र सिंधुदुर्गातील मंडपवाल्यांच्या माळ्यावर अजून सापडतात, आणि त्यांतला व्हॉल्व्हच्या जोडीकडून स्पीकरकडे आवाज नेणारा पुश-पुल आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा, म्हणजे स्पीकरच्या बाजूने आवाज देऊन, जोडला की काम भागते.

मी पितृपक्षात गेलो, आणि तोच काळ निवडावा असे सुचवेन. गणपती उरकलेले आणि नवरात्र यायचे असल्यामुळे मंडपवाले निवांत असतात व माळ्यावर चढायला कुरकुर करत नाहीत. मांडवी एक्सप्रेसने कुडाळला उतरून तेथून एसटीने फिरणे सोयीचे पडते. सावंतवाडी रोड स्थानक गावापासून दूर आहे, आणि चार-पाच किलोचे लोखंड खांद्यावर असताना ते अंतर चांगलेच जाणवते. वस्तू वजनावर नव्हे, नगावर ठरवावी. वजनाचा विषय निघाला की तांब्याचा भाव निघतो.

सौदा करण्यापूर्वी वेटोळ्यांचे गुणोत्तर मोजावे. मी प्लेटच्या दोन टोकांना 24 व्होल्ट एसी दिले, तेव्हा स्पीकरच्या 8 ओहमच्या टोकांवर 0.87 व्होल्ट मिळाले. गुणोत्तर साधारण 27.6, त्याचा वर्ग 761, त्याला 8 ओहमने गुणले की प्लेटच्या बाजूस सुमारे 6,100 ओहम. हीच चाचणी उलट्या बाजूने केल्यास साडेसहाशेहून अधिक व्होल्ट हाताशी येतात, हे ध्यानात ठेवावे.

आता 8 ओहमची बाजू 50 वॉटच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरला जोडली आहे. प्लेटचा इनपुट 60 वॉट असल्याने पूर्ण मॉड्युलेशनला 30 वॉट पुरतात. पुश-पुल गाभ्यात हवेची फट नसते, त्यामुळे 100 मिलिअँपिअर डीसी त्यातून नेल्यास गाभा संपृक्त होऊन (चुंबकत्वाने भरून जाऊन) आवाज फाटतो. म्हणून डीसी वेगळ्या चोकमधून (डीसी जाऊ देणाऱ्या पण आवाज अडवणाऱ्या वेटोळ्यातून) नेऊन आवाज कंडेन्सरमार्गे दिला. मॉड्युलेशनच्या शिखरावर प्लेटचे व्होल्टेज दुप्पट, 1,200 होते.

खरी अडचण दमट खाऱ्या हवेची निघाली. 1,000 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरवर) वेटोळी आणि गाभा यांच्यात जेमतेम 2 मेगओहम दिसले. लाकडी खोक्यात 60 वॉटचा बल्ब लावून दोन दिवस सुकवल्यावर आकडा शंभराच्या पुढे गेला, आणि त्यानंतरच वार्निश दिले. ओल आत असताना वार्निश दिले तर ती आतच कोंडून राहते.