टायमिंग चेन कधी तपासायची आणि कधी बदलायची

क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एका मेळात फिरावेत म्हणून त्यांना टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन जोडते. टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे कंपनी सांगते, चेनबद्दल बहुतेक गाड्यांत काहीच सांगत नाही. त्यावरून चेनकडे कधी बघावंच लागत नाही असा समज झालाय, आणि तो महागात पडतो. चेन किती टिकणार हे किलोमीटरपेक्षा ऑइलवर ठरतं. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात ती 2,50,000 किमीलाही मापात असू शकते. काळ्या, पातळ झालेल्या ऑइलवर पळालेली चेन 1,00,000 किमीच्या आतही सैल पडते.

सैल पडते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि ती झीज साठत जाते. हिशेब करून बघा. समजा, चेनचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) 8 मिमी आहे आणि क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ओढीच्या बाजूला 40 कड्या आहेत, म्हणजे लांबी 320 मिमी. अर्धा टक्का झीज झाली की ही बाजू 1.6 मिमीने वाढते. कॅमच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) 40 दात असतील तर कॅम साधारण 1.8 अंश मागे राहतो, म्हणजे क्रँकच्या मापाने 3.6 अंश. चेनने एक दात सोडला तर क्रँकच्या मापाने फरक थेट 18 अंशांचा. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनला जागा वाटून घ्यावी लागते, तिथे दात सुटले की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

झिजेचं मोठं कारण काजळी. डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनात ती ऑइलमध्ये जास्त उतरते आणि पिना घासत राहते. इंजिन गरम होण्याआधीच संपणाऱ्या फेऱ्या असतील तर पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होतं. शिवाय टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, चालतो ऑइलच्या दाबावर. डिपस्टिकवरची पातळी खाली गेली की तोही ढिला पडतो.

तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करायची. बॉनेट उघडा, सेल्फ मारा आणि इंजिनाच्या चेनच्या बाजूला कान द्या. एखादा सेकंद खडखड होऊन थांबली, तर आधी ऑइलची पातळी, ग्रेड आणि फिल्टर बघा. फिल्टरमधला ऑइल अडवणारा व्हॉल्व्ह खराब असला की ऑइल रात्री खाली उतरतं आणि टेन्शनरला दाब उशिरा मिळतो. खडखड त्याहून लांबली किंवा गरम इंजिनावरही आली, तर टेन्शनर, गाइड (चेन जिच्यावरून सरकते ती प्लास्टिकची पट्टी) किंवा चेन यांच्यातच काहीतरी आहे. इथे गल्लत होते ती व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) कॅमवर बसणाऱ्या फेजरशी, आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगशीसुद्धा. बाहेरचा पट्टा काढून इंजिन जेमतेम 20-30 सेकंद चालवा. आवाज गेला तर दोष बाहेरचा.

स्कॅनरवर पी0016 ते पी0019 हे कोड म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. एवढ्यावर चेन मागवू नका. सेन्सर, फेजर आणि फेजरला ऑइल सोडणाऱ्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हमुळेही हेच कोड येतात. खरा पुरावा टेन्शनरच्या दांड्यात असतो. व्हॉल्व्ह कव्हर किंवा तपासणीचं बूच काढून तो किती बाहेर आलाय ते मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. ऑइल पॅनमध्ये प्लास्टिकचे तुकडे सापडले तर गाइड तुटलंय. ते तुकडे ऑइल पंपाची जाळी बुजवतात, म्हणून गाडी तिथेच थांबवा.

बदलायचं ठरलं की नुसती चेन घालू नये. चेन, टेन्शनर, सगळी गाइड, स्प्रॉकेट, फ्रंट कव्हरचं सील आणि क्रँकचा बोल्ट एकदम बदला. जुन्या स्प्रॉकेटचे दात हुकसारखे वाकडे झिजलेले असतात, ते नवी चेन लवकर खातात. एकदा ताणून बसवायचा बोल्ट पुन्हा वापरला तर पकड राहत नाही. काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावीच (खाचेत बसून ते जागेवर धरणारा तुकडा) नसते, ते फक्त त्या बोल्टच्या पकडीवर बसलेलं असतं. तिथे लॉकिंग टूल (क्रँक आणि कॅम जागेवर धरणारं हत्यार) न लावता बोल्ट सैल केला की टायमिंग गेलंच.

पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर, आणा, कॅम लॉक करा, रंगीत कड्या खुणांवर बसवा, टेन्शनर लावा आणि मगच त्याला दाबून धरणारी पिन ओढा. लॉक काढून क्रँक हाताने, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवा. उलटं फिरवलं तर चेनची ढील दुसऱ्या बाजूला जाते आणि दात सुटू शकतो. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांसमोर येणार नाहीत, त्याने घाबरू नका. स्प्रॉकेटच्या खुणा आणि लॉकिंग टूल जागेवर बसतंय का, एवढंच बघा. मध्ये कुठे अडकलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो.

नवं ऑइल आणि फिल्टर घातल्यावर इंधन बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच इंजिन चालू करा.