सातबाऱ्यावरचा आर आणि व्यवहारातला गुंठा

सौदा गुंठ्यावर ठरतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि खरेदीखतात दोन्हींची सरमिसळ होते. मग एखाद्या गुंठ्यावरून भाऊबंदकी सुरू होते.

कायद्याची बाजू आधी. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ नुसार देशातली वजनमापं मेट्रिकच. त्यामुळे अर्जात किंवा दस्तात क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलं म्हणून 'एकरात लिहून आणा' असं सांगून कागद परत करायला आधार नाही. गंमत अशी की वाळू-मुरमाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) शासन स्वतः अजून ब्रासवर आकारतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर.

आता आकडे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. आर बरोबर १०० चौरस मीटरचा. फरक सव्वा चौरस मीटरहून कमी, म्हणून सर्रास 'गुंठा म्हणजेच आर' धरतात. छोट्या तुकड्यात खपून जातं, मोठ्या गटात नाही. २ एकर १५ गुंठे म्हणजे ९५ गुंठे, गुणिले १०१.१७ केलं की ९६११ चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावर ०.९६.११ (० हेक्टर, ९६ आर, ११ चौ.मी.). त्याऐवजी ०.९५.०० लिहिलं तर १११ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याहून जास्त जमीन कागदावरून गेली. एक एकर म्हणजे ०.४०.४७, चाळीस आर नव्हे.

याहून मोठा घोळ टिंबाचा. सातबाऱ्यावरची टिंबं दशांशचिन्हं नसतात. ती हेक्टर, आर आणि चौरस मीटर वेगळे करतात, आणि आर व चौ.मी. दोन्हींना दोन-दोन आकडे लागतात. दीड हेक्टर म्हणजे १.५०.००. कुणी १.५.० लिहिलं की वाचणारा १ हेक्टर ५ आर वाचतो, ४५ आर गायब. ई-पीक पाहणी किंवा पीक विमा भरताना हेच उलट होतं: तिथे आकडा हेक्टरमध्ये असतो, पाच आर म्हणजे ०.०५, पण ०.५ टाकलं की पन्नास आर होतात. जुन्या एकर-गुंठ्यांच्या नोंदीतही तीच गत. तिथे २.२० म्हणजे २ एकर २० गुंठे, अर्थात अडीच एकर. कॅल्क्युलेटरला हे ठाऊक नसतं. आधी सगळं गुंठ्यांत आणा, मग गुणा.

बिनशेती सातबाऱ्यावर एकक आर-चौरस मीटर असतं, हेक्टरचा रकाना नसतो. म्हणून उताऱ्याच्या वरच्या बाजूला छापलेलं एकक आधी वाचा. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) थेट चौरस मीटर. फ्लॅटची जाहिरात चौरस फुटांत असली तरी करारनाम्यात चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये येतं आणि रेडी रेकनरचा (सरकारी बाजारमूल्याचा) दरही चौरस मीटरवरच. १ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फूट. बिल्डरचं कोष्टक १०.७ वर बेतलंय का, तेवढं तपासून घ्या.

दस्त करताना क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसंच आकड्यांत आणि अक्षरी लिहा. गुंठे हवेच असतील तर नंतर 'सुमारे' असं म्हणून, आणि तफावत आल्यास मेट्रिक क्षेत्र ग्राह्य, असं एक वाक्य टाकून घ्या. त्याला काही खर्च नाही, तरी निम्म्या दस्तांत ते नसतंच.

चूक आधीच नोंदली गेली असेल तर जुना हस्तलिखित सातबारा, संबंधित फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाची (गटाचं मूळ क्षेत्र आणि आकारणी नोंदलेल्या तक्त्याची) नक्कल काढा. गटातल्या सगळ्या खातेदारांची बेरीज आकारबंदाशी जुळायला हवी. न जुळण्याचं कारण निव्वळ रूपांतर किंवा टायपिंग असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जागेवरच क्षेत्र कमी भरत असेल तर १५५ उपयोगाचं नाही, तिथे मोजणीच मागावी लागते.