मागचा फ्लॅश डोळ्याला दिसायचा, फोटोत नाही

माझी मैत्रीण व्हायोलिन वाजवते. तिला स्वतःचं एक चांगलं पोर्ट्रेट हवं होतं आणि माझ्या मनात ते आधीपासूनच तयार होतं. मागे काळोख, समोरून छत्रीतला मऊ उजेड आणि पाठीमागून एक बारीक, कडक झोत. त्या झोतानं तिच्या केसांची आणि व्हायोलिनची कड उजळली पाहिजे. ही कड नसली तर काळे केस काळ्या पार्श्वभूमीत विरघळून जातात आणि चेहरा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. त्यामुळे या फोटोचा जीव मागच्या फ्लॅशमध्ये होता, आणि नेमका तोच मला तीन बैठका छळत राहिला.

समोरचा फ्लॅश नवा होता. त्यात रेडिओ रिसिव्हर आतच असतो आणि त्याला इशारा देणारा ट्रिगर कॅमेऱ्याच्या हॉटशूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, बसतो. मागचा फ्लॅश जुना, पूर्ण मॅन्युअल, म्हणजे पॉवर आपणच हातानं ठरवायची. त्याला रेडिओ नाही, पण पुढच्या बाजूला एक लहानसा डोळा आहे. दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट दिसला की हाही उडतो. समोरचा मी टीटीएलवर ठेवला, म्हणजे उजेड किती टाकायचा ते कॅमेऱ्यानं मोजून ठरवायचं. मागचा १/२ पॉवरवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या निम्म्यावर.

पहिल्या फोटोला एकही फ्लॅश उडाला नाही. ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबलं तर दोन्ही उडत होते. या एका गोष्टीनं बराच वेळ वाचला, कारण टेस्ट बटणानं फ्लॅश उडतो याचा अर्थ चॅनेल, ग्रुप, सेल, रेडिओ सगळं ठीक आहे. खोट कॅमेरा आणि ट्रिगर यांच्या मधे आहे. तिचा सराव चालू असताना खटखट नको म्हणून मी सायलेंट शटर लावलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. त्यात सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. क्षणभराच्या उजेडाशी त्याचा मेळ बसत नाही, म्हणून बहुतेक कॅमेरे त्या मोडमध्ये फ्लॅशला इशाराच देत नाहीत. मेकॅनिकल शटर लावलं, दोन्ही फ्लॅश उडाले.

आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. दोन्ही उडताना मी स्वतः पाहिले. मैत्रिणीलाही मागून लखकन उजेड आल्याचं जाणवलं. फोटोत मात्र केसांवर कड नाही. शिवाय चेहराही हवा त्यापेक्षा अंधारलेला. मी फ्लॅशचा कोन बदलला, स्टँड जवळ आणला, झूम आवळला. काही फरक नाही. मग सहज म्हणून मागच्याची पॉवर १/२ वरून थेट १/३२ वर आणली, आणि कड उमटली! फिकट, पण स्पष्ट. पुन्हा १/२ केली, गायब. उजेड वाढवला की नाहीसा होतो आणि कमी केला की दिसतो, हे माझ्या समजुतीच्या पार उलटं होतं. त्या रात्री मी ते कोडं तसंच घेऊन झोपले.

उत्तर टीटीएलमध्ये होतं. टीटीएलवरचा फ्लॅश एका फोटोसाठी दोनदा उडतो. आधी एक हलकी चमक, म्हणजे प्रीफ्लॅश. ती वस्तूवरून परतून येते, कॅमेरा ती मोजतो, मग शटर उघडतं आणि खरा फ्लॅश उडतो. या दोन्हींत सेकंदाच्या काही शतांशांचंच अंतर असतं, त्यामुळे आपल्या डोळ्याला ते एकच वाटतं. जुन्या फ्लॅशचा साधा डोळा मात्र फसतो. त्यानं प्रीफ्लॅश पाहिला, त्यालाच इशारा समजून तो १/२ पॉवरनं उडाला, आणि तेव्हा शटर बंदच होतं. शटर उघडलं तेव्हा त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या भागात, दुसऱ्यांदा उडण्याइतका चार्ज उरला नव्हता. १/३२ वर मात्र एकदा उडूनही भरपूर चार्ज शिल्लक राहतो, म्हणून तो दोन्ही वेळा उडत होता आणि दुसरा झोत फोटोत येत होता. चेहरा का अंधारत होता, तेही यातच सुटलं. मोजमाप चालू असताना मागचा जोरदार उजेड मधेच घुसायचा आणि कॅमेऱ्याला वाटायचं की उजेड पुरेसा आहे.

हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. नवा फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर बसवला, शटर १ सेकंद आणि सिंक शटरच्या दुसऱ्या पडद्यावर (पहिला पडदा सेन्सर उघडतो, दुसरा झाकतो), म्हणजे फ्लॅश शटर मिटण्याच्या बेतात असताना उडेल. बटण दाबलं. आधी एक चमक, मग जवळजवळ सेकंदभर काळोख, मग दुसरी चमक. आणि जुना फ्लॅश पहिल्याच चमकेबरोबर उडून मोकळा झालेला. इतका वेळ जे कळत नव्हतं ते समोर वेगवेगळं होऊन दिसलं, याचा मला विलक्षण आनंद झाला. कोणाचा मागचा फ्लॅश असा ‘हरवत’ असेल तर ही चाचणी जरूर करून पाहावी.

उपाय अगदी छोटा होता. जुन्या फ्लॅशवर एस१ आणि एस२ असे दोन मोड होते. एस१ पहिल्या चमकेला उडतो, एस२ पहिली चमक सोडून देतो. मी एस२ लावून पाहिला, पण शेवटी समोरचा फ्लॅशच मॅन्युअलवर नेला आणि जुना एस१ वर ठेवला, कारण मॅन्युअलवर प्रीफ्लॅश नसतोच. माणूस आणि फ्लॅश यांतलं अंतर बदलत नसेल तर टीटीएलची गरजच काय? अंतर बदललं तर मात्र हात लावावा लागतो, कारण १ मीटरवरचा माणूस १.४ मीटरवर गेला की त्याच्यावरचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. पोर्ट्रेटसाठी मला मॅन्युअलच आवडतं. दहा फोटोंत चेहरा दहाही वेळा सारखा येतो.

दुसरी बैठक दिवसा, मोठ्या खिडक्यांच्या खोलीत झाली. भरपूर उजेडात त्या डोळ्याला छत्रीतली चमक धड दिसेना. म्हणून मी जुन्या फ्लॅशसाठी वेगळा रेडिओ रिसिव्हर घेतला. आता तो दिसण्यावर अवलंबून नव्हता. तरीही मधूनमधून चुकायला लागला.

मी लगेच चॅनेल बदलला, मग ट्रिगर बंद करून चालू केला, मग स्टँड हलवला. प्रत्येक वेळी पुढचे दोनतीन फोटो नीट यायचे आणि मला वाटायचं, जमलं. मैत्रीण व्हायोलिन मांडीवर घेऊन बघत होती. ती म्हणाली, “अगं, थांब जरा. काही बदलू नकोस. नुसती काढत जा, मी मोजते.” मी एका लयीत बटण दाबत राहिले. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “तीन लागतात, चौथा जातो. सावकाश काढलेस तर सगळे लागतात.”

मग तिनं आणखी एक सांगितलं, जे मला कधीच कळलं नसतं. फ्लॅश उडाल्यावर आत बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो चढत जातो. तो कपॅसिटर भरत असल्याचा आवाज. मी तो हजारदा ऐकला असेन. ती म्हणाली, “चौथ्याच्या वेळी हा सूर वर पोचलेलाच नसतो. अर्ध्यातच तू बटण दाबतेस.” मी सेल बाहेर काढले. चारांपैकी दोन वेगळ्याच, जुन्या संचातले निघाले. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असला तरी अल्कलाइनपेक्षा भरभर करंट देतो, म्हणून फ्लॅशसाठी तोच चांगला. पण चार सेल एका ओळीत जोडलेले असतात आणि त्यातले थकलेले दोन बाकीच्या दोघांनाही मागे ओढतात. एका संचाचे, एकत्र चार्ज केलेले चार सेल घातले. सूर झटकन वर जायला लागला आणि चौथा फोटोही लागला.

तेव्हापासून मी काहीही फिरवायच्या आधी मोजते. ठरावीक फोटोंनंतर चूक होत असेल तर सेल किंवा रिसायकल, म्हणजे फ्लॅश पुन्हा भरायला लागणारा वेळ. एकदाही उडत नसेल तर सेटिंग. नुसतं वेडंवाकडं, कधीही, कसंही चुकत असेल तर संपर्क किंवा रेडिओ.

त्या दिवशी सेल बदलल्यावर तसं वेडंवाकडं चुकणंही थोडं शिल्लक होतंच. रिसिव्हरवर बसलेला फ्लॅश बोटानं हलकेच हलवला तर तो मधेच आपोआप उडायचा. हॉटशूमध्ये उडण्याचा इशारा मधल्या एकाच ठिपक्यातून जातो आणि परतीचा मार्ग कडेच्या धातूच्या पट्टीतून. दोन्हींवर मळकट थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीनं ते पुसलं, फ्लॅश पार पुढपर्यंत सरकवला आणि लॉकची कडी फिरवून घट्ट केली. जुन्या फ्लॅशची आपोआप झोपी जायची सोयही बंद केली, कारण साधा रिसिव्हर झोपलेल्या फ्लॅशला जागं करू शकत नाही.

मोठ्या स्क्रीनवर फोटो पाहिले तेव्हा सेकंदाच्या १/२५० ला काढलेल्या फोटोंत खालच्या काठाला एक गडद पट्टा दिसला. १/२५० हा माझ्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे पूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा असतो असा सर्वांत जलद वेग. रिसिव्हरमुळे इशारा किंचित उशिरा पोचतो, तोवर शटरचा दुसरा पडदा निघालेला असतो आणि त्याची सावली फोटोत येते. पडदा वरून खाली जातो, पण सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून पट्टा फोटोच्या खालच्या बाजूला. पांढऱ्या भिंतीवर १/२५०, १/२००, १/१६० असे फोटो काढले. १/२०० ला पुसटशी सावली होती, १/१६० ला भिंत स्वच्छ. ट्रिगर आणि फ्लॅशची नवी जोडी जुळवली की ही चाचणी दोन मिनिटांत होते, आणि ती न करता कोणी महत्त्वाचं काम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या बैठकीत फोटो झाला. तिनं डोळे मिटून एक सूर लांबवला, मागून कड आली, व्हायोलिनच्या लाकडावरची सोनेरी रेघ थेट तिच्या हनुवटीपर्यंत गेली. एकूण १८४ फोटो काढले, त्यातल्या सात फोटोंत मागचा फ्लॅश नव्हता. सातही एकाखाली एक लावून पाहिले. प्रत्येकात ती कॅमेरा आणि मागचा स्टँड यांच्या अगदी मधोमध उभी होती. ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि शरीरातलं पाणी त्या लहरी बऱ्याच शोषून घेतं. केसांमागचा फ्लॅश तर स्वभावतःच माणसाच्या आड उभा असतो. स्टँड एक हात वर चढवला, फ्लॅशचं तोंड खाली वाकवलं आणि रिसिव्हर तिच्या डोक्यावरून ट्रिगरला दिसेल असा ठेवला. पुढचे चाळीस फोटो तिनं मोजले, मी नाही. चाळीसही लागले.