तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज नाही, म्हणून स्कोअर नाही

बँकेच्या कर्ज विभागात नोकरी झाली, त्यामुळे ओळखीची माणसं लग्नात, लिफ्टमध्ये, कुठेही गाठतात आणि विचारतात, "आम्ही जन्मात कुणाचा रुपया ठेवला नाही, साधा मिक्सर हप्त्यावर घेतला नाही, आणि बँक म्हणते तुमचा सिबिल नाही. हा कुठला न्याय?"

न्याय नाहीच. हिशेब काय आहे तेवढं सांगतो.

सिबिल म्हणजे लोकांच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी; ती २००० साली निघाली. आता अशा चार कंपन्या आहेत, पण बोलताना आपण सगळ्यांना सिबिलच म्हणतो. त्या नोंदींवरून त्या प्रत्येकाला जो आकडा देतात तो स्कोअर, ३०० ते ९००. त्यात बघतात काय? हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची मर्यादा किती वापरलीत, कर्जखाती किती जुनी आणि कोणत्या प्रकारची, अलीकडे किती दारं ठोठावलीत. पगार त्यात नाही. एफडी नाही, पीपीएफ नाही, भिशी तर नाहीच. बऱ्याच पतसंस्थांची फेडलेली कर्जंसुद्धा तिथवर पोचत नाहीत. घेतलेले पैसे तुम्ही परत करता का, एवढाच त्याचा प्रश्न. ज्याने घेतलेच नाहीत त्याच्याबद्दल तो बोलणार काय?

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई ओव्हरलॉकच्या मशीनसाठी कर्ज मागायला आल्या होत्या. पिशवीत पिग्मीची पुस्तकं, आरडीच्या पावत्या, सगळं तारखेवार लावलेलं. अहवाल काढला तर नाव, पॅन, पत्ता बरोबर. खात्यांचा तक्ता कोरा, आणि स्कोअरच्या जागी ‘-१’. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ताई, तुमचा स्कोअर मायनसमध्ये आहे." बाई घाबरल्याच; आपल्या नावावर कुणी परस्पर कर्ज काढलं की काय! ‘-१’चा अर्थ एवढाच की स्कोअर काढण्याइतकी माहिती नाही. काहींच्या अहवालात तिथे ‘एनएच’, म्हणजे ‘नो हिस्टरी’, येतं. वाईट स्कोअर आणि नसलेला स्कोअर यांतला फरक त्या पोराला कुणी शिकवलाच नव्हता. त्याच आठवड्यात निम्मा पगार हप्त्यांत घालवणाऱ्या एका गृहस्थांची फाइल मात्र सुरळीत पुढे गेली. हप्ते चुकत नव्हते ना!

घरातल्या बायकांना हे जास्त भोवतं. गृहकर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि बाईंकडे त्याच्याच कार्डाचं जोडकार्ड. ते त्या रोज वापरतात, पण इतिहास तयार होतो त्याचा. गृहकर्ज फेडून मोकळे झालेले लोकही सुटत नाहीत. दोन-चार वर्षं काहीच उधारीचा व्यवहार नसेल तर स्कोअर पुन्हा गायब होऊ शकतो.

रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर असा काही ठरवलेला नाही. ६ जानेवारी २०२५च्या तिच्या निर्देशांनुसार, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. ऑगस्ट २०२५मध्ये सरकारने हेच लोकसभेत सांगितलं. पण बँकेला बाकीची छाननी करायला मोकळीक आहे, आणि आळशी शाखेला तेवढी फट पुरते. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे लोक पुन्हा फाइल उघडतात, हा माझा अनुभव.

एवढ्यावर भागत नसेल तर एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. त्यावर किराणा भरा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहा, आणि बिल मुदतीत पूर्ण चुकतं करा. व्याज लागत नाही. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम, लिहिलेल्या आकड्याकडे बघूसुद्धा नका. स्कोअर वाढवायचा म्हणून पर्सनल लोन काढणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. रागाच्या भरात पाच बँकांत अर्जही टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. तो मागवा, विशेषतः मेहुण्याला किंवा मित्राला कधी जामीन राहिला असाल तर. ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसतं, आणि त्याने हप्ते थकवले असतील तर तुमचा ‘-१’ बरा म्हणायची वेळ येते.