एकाच शेपटीची कोल्हीण

श्रावणात उन्हातच सर आली की आमच्या गल्लीतली पोरं अजून ओरडतात, "ऊन-पाऊस, कोल्ह्याचं लग्न!" जपानातही असल्या पावसाला कोल्ह्याचं लग्नच म्हणतात. पण आपला कोल्हा तेवढ्यापुरताच नवरदेव. एरवी तो निफाडच्या द्राक्षबागेतला चोर, नाहीतर पंचतंत्रातला लबाड. जपानी कोल्हीण मात्र खरोखर बाईचं रूप घेऊन सासरी नांदायला येते.

माझी भाची दहावीत आहे. तिचा कोल्हा म्हणजे 'नारुतो' या जपानी कार्टून मालिकेतला नऊ शेपट्यांचा कुरामा. गाव उद्ध्वस्त करणारा, मग एका पोराच्या अंगात कोंडलेला. त्याच जातीची जुनी तामामो-नो-माए. तोबा सम्राटाला भुलवणारी ही सुंदरी मारली गेली आणि नासूच्या माळावर विषारी दगड होऊन पडली, अशी कथा. मार्च 2022 मध्ये तो दगड दुभंगलेला दिसला, तेव्हा भाचीच्या मोबाइलवर नुसता गोंधळ होता. (हीच बया आधी भारतात एका राजपुत्राला नादी लावून आली होती, असं नंतरच्या कथा सांगतात. म्हणजे खापर आपल्याच माथी!)

मला आवडते ती कुझुनोहा नावाची कोल्हीण. आबे नो यासुना एका पांढऱ्या कोल्हिणीला शिकाऱ्यांपासून वाचवतो. ती बाई होऊन त्याच्याशी संसार करते, मुलगा होतो. पुढे तिचं खरं रूप उघडं पडतं आणि तिला जावं लागतं. जाताना ती कागदी दारावर चार ओळी लिहिते: आठवण आली तर शिनोदाच्या रानात शोधायला ये. 1734 च्या बाहुलीनाट्यातून हा प्रसंग काबुकीत, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीवर, आला. तिथे बाईचं काम करणारा नट लेकराला कवटाळून लिहितो. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या, काही अक्षरं तर उलटी, आणि शेवटी ब्रश थेट दातांत धरून. सगळं प्रेक्षकांसमोर. माणसाची सवय सुटत चाललीय, हे भाषण न देता दिसतं.

तो मुलगा म्हणजे आबे नो सेइमेई, दहाव्या शतकातला दरबारी ज्योतिषी. माणूस खरा, क्योतोत त्याचं देऊळ आहे.

भाचीने सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तिला शेपट्या किती?"

"एकच."

"मग पॉवर काय?"

"कडेवर पोर घे, दातांत पेन धर आणि चार ओळी लिहून दाखव."

तिने पेन उचललं, पण शेजारच्यांचं बाळ झोपलं होतं.