डबा न मिळालेले सभासद

पतसंस्थांसाठी ज्यांनी सॉफ्टवेअर केलंय त्यांना सप्टेंबर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची असते, त्यामुळे महिन्यातल्या प्रत्येक रविवारी कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयात आपलं सॉफ्टवेअर चालू असतं आणि आपण पुण्यात फोन उशाशी घेऊन झोपलेलो असतो. आमची कंपनी छोटी, चौदा माणसं, कोथरूडात दोन खोल्या आणि एक गॅलरी. मी तिथला सगळ्यात जुना डेव्हलपर, म्हणजे अकरा वर्षं झाली, त्यामुळे काही फुटलं की फोन मलाच.

रविवारी सकाळी सव्वानऊला पोह्यांवर लिंबू पिळत होतो तर सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या काऊंटरवरच्या मॅडमचा फोन. मागे लग्नासारखा गोंगाट.

"सर, माणसं सापडत नाहीयेत."

"कोण माणसं?"

"सभासद. समोर उभे आहेत, पासबुक दाखवतायत, पण तुमच्या स्क्रीनवर नाहीयेत."

तिथली पद्धत अशी की गेटवर नाव सांगायचं, मॅडम शोधणार, मग कूपन छापून निघणार, आणि ते कूपन दाखवलं की भेटवस्तू. त्या वर्षी स्टीलचा डबा होता, चांगला झाकणाचा. ज्यांनी कधी सभेत प्रश्न विचारला नाही अशी माणसंही डब्यासाठी वीस किलोमीटर लांबून जीपने येतात, आणि यात चेष्टा करण्यासारखं काही नाही, आमच्या आईकडे असे सात डबे आहेत. तर डबा मिळणार नाही म्हटल्यावर रांगेचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. सर्व्हर चालू आहे का, बाकीचे सापडतात का. बाकीचे सापडत होते. पाटील सापडत होते, जाधव तर काय भरून सांडत होते. म्हटलं जे सापडत नाहीत त्यांची यादी लिहून फोटो पाठवा. दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला, पावतीपुस्तकाच्या पानामागे निळ्या पेनाने खाली खाली लिहिलेली आडनावं. गोऱ्हे. कुऱ्हाडे. वऱ्हाडे. परत गोऱ्हे. बोऱ्हाडे. आणखी एक कुऱ्हाडे.

मॅडमचं अक्षर मोत्यासारखं, शाळेतल्या बाई लिहायच्या तसं, आणि प्रत्येक नावाच्या मधोमध तो ह च्या आधी आडवा वळणारा अर्धा र. सहाच्या सहा नावांत. मी पोह्यांची ताटली बाजूला ठेवली, कारण शुक्रवारी रात्री काय रिलीज केलंय आणि ते कोणी लिहिलंय हे मला त्या क्षणी कळलं. ते मीच लिहिलं होतं.

झालं होतं असं की ऑडिटरने तक्रार केली होती, एकाच नावाचे दोन दोन सभासद दिसतात म्हणून. बघितलं तर खरंच, दिसायला एकच नाव पण एकाच्या शेवटी न दिसणारं कॅरेक्टर चिकटलेलं. लोक व्हॉट्सॲपवरून, पीडीएफवरून नाव कॉपी करून टाकतात, त्याबरोबर हा कचरा येतो. नेटवर शोधलं की याचं उत्तर पाच सेकंदात मिळतं, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, २००बी पासून २००एफ पर्यंत सगळी अदृश्य कॅरेक्टर आहेत, एका ओळीत काढून टाका. मी ती ओळ घेतली आणि नुसती नवीन एंट्रीला लावून थांबलो नाही, तर सभासदांच्या सगळ्या टेबलवरून फिरवली. लॉगमध्ये आलं, एक हजार एकशे सेहेचाळीस ओळी बदलल्या. मला आनंद झाला, केवढी घाण साफ केली म्हणून.

आता त्या २००बी ते २००एफ च्या मध्ये २००डी बसतो. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, आणि तो कचरा नाही. जगात बहुतेकांना तो इमोजीमुळे माहिती असतो, आई बाप आणि मूल असे तीन इमोजी जोडून एक कुटुंब होतं ते त्याच्यामुळे. पण त्याच्या आधीपासून तो आपल्या र ला लागतो. र ला हलन्त देऊन पुढे ह लिहिला की कॉम्प्युटर रफार काढतो, गोर्हे. रफार नको, तो आडवा र पाहिजे असेल तर दोन रस्ते आहेत. एक, आयएससीआयआय या आपल्या जुन्या भारतीय प्रमाणकातला, की मुळात ऱ हे वेगळं अक्षरच वापरायचं. आणि दुसरा युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतला, की साधा र, हलन्त, आणि त्यापुढे हा न दिसणारा जॉइनर. दोन्ही रस्ते आजही चालतात, आणि दोन्हीचं स्क्रीनवरचं चित्र अगदी एकसारखं, भिंग लावून बघितलं तरी फरक नाही.

आमच्या संस्थेचा जुना डेटा २०११ साली जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला, त्या कन्व्हर्टरने सगळीकडे जॉइनरवाला र घातला होता. मॅडमचा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, त्यात शिफ्ट धरून इंग्रजी J दाबलं की थेट ऱ येतो. म्हणजे साठवलेला गोऱ्हे एकवीस बाइटचा आणि मॅडमने टाइप केलेला अठरा बाइटचा. मी जॉइनर उडवल्यावर साठवलेलाही अठराचा झाला, पण गोर्हे होऊन. टाइप केलेल्यात आणि त्याच्यात आता फक्त एका बाइटचा फरक, तोही एकने. एवढ्याशासाठी माणूस डब्याशिवाय उभा.

मॅडमना म्हटलं सभासद क्रमांकाने शोधा. "सर, क्रमांक कोणाला पाठ असतो? आणि सगळे काही पासबुक घेऊन येत नाहीत." बरोबर होतं. मग म्हटलं तात्पुरतं एक करा, रफार देऊन टाइप करा, गोर्हे असं.

"चुकीचं नाव टाकू?"

"तात्पुरतं हो."

टाकलं. सापडलं. कूपन पण छापून निघालं. मी इकडे खुर्चीत मागे टेकलो आणि तिकडून एक भारदस्त आवाज आला, फोन स्पीकरवर असणार, "हा मी नाही. आमच्या बापानं असं नाव कधी लावलं नाही. हे कूपन घेतलं आणि उद्या तुम्ही म्हणाल शेअर दुसऱ्याचे आहेत, मग?" मला हसू पण येत होतं आणि पोटात गोळा पण, कारण माणूस शंभर टक्के बरोबर बोलत होता. संस्थेच्या कागदावर नाव बदलणं ही काय मजा नाही, त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात.

एव्हाना मी ऑफिसमधल्या नवीन पोराला उठवलं होतं. हुशार आहे, कॅम्पसमधून आलेला. तो म्हणाला सर नॉर्मलाइज करून टाकू, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करून. हे सगळेच म्हणतात, मीही म्हणालो असतो. पण युनिकोडचं नॉर्मलायझेशन इथे काही करत नाही, त्याच्या नियमात र खाली नुक्ता म्हणजे ऱ, एवढंच समान धरलंय. जॉइनरवाला र आणि ऱ त्याच्या लेखी दोन परकी माणसं. मग तो म्हणाला, ठीक, मग जिथे जिथे रफारानंतर ह किंवा य आहे तिथे ऱ करून टाकू, एका ओळीची अपडेट आहे. मला पटलं. एंटरवर बोट ठेवलं होतं, खरंच सांगतो. सहज मॅडमना विचारलं, तुमच्याकडे रफार आणि य वालं कोणी आहे का?

"आहेत की. आमचे चेअरमनच सूर्यवंशी आहेत."

सूऱ्यवंशी झाले असते. स्टेजवर बसलेले, हार घातलेले. मी बोट काढलं.

शेवटी सरळ रस्त्याने गेलो. शुक्रवार रात्रीचा बॅकअप होता, पण तो अख्खा उलटा टाकता येत नव्हता, शनिवारी लाभांश जमा केलेला, पत्ते बदललेले, वारस लावलेले. म्हणून फक्त नावाचे आणि पत्त्याचे रकाने बाजूला काढले, सभासद क्रमांकाने जुळवले, आणि अट अशी घातली की जुन्या नावातून अदृश्य कॅरेक्टर काढल्यावर अगदी आत्ताचं नाव मिळत असेल तरच जुनं परत ठेव, नाहीतर हात लावू नको. दोनदा नुसतं वाचून बघितलं, मग चालवलं. खरा कचरापण थोडा परत आला, येऊ दे म्हटलं. साडेअकरा वाजले होते. मॅडम म्हणाल्या गोऱ्हे आले, कुऱ्हाडे आले. मग म्हणाल्या वकीलसाहेब पण आले. मला माहितीच नव्हतं की वकीलसाहेब पण गेलेले. त्यांच्या नावाआधी ॲड. लावलेलं आणि जुन्या डेटात तो ॲ पण अ, जॉइनर आणि चंद्र असा जोडून केलेला, कारण ॲ ला स्वतःचा वेगळा क्रमांक युनिकोडमध्ये मिळाला तोच २००८ साली. संस्थेचे कायदे सल्लागार दोन तास गेटवर उभे होते आणि त्यांनी कोणाला ओळख दाखवली नव्हती, हे विशेष.

पोहे पार गार झालेले. ते खात बसलो होतो तेव्हा एक गोष्ट डोक्यातून जाईना. चौदापैकी तेरा जण मराठी. घरी मराठी, चहाला मराठी, शिव्या मराठी. आणि आमचा टेस्ट डेटा काय, तर टेस्ट युजर वन, टेस्ट युजर टू, फार तर एबीसी पाटील, तोही रोमनमध्ये. ज्या गिऱ्हाईकाच्या जिवावर कंपनी चालते त्या गिऱ्हाईक शब्दातच तो र आहे आणि अकरा वर्षांत आमच्यातल्या एकानेही तो शब्द स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला नव्हता. आणि कसा करणार, आम्हाला इन्स्क्रिप्ट येत कुठे, मॅडमना येतं. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो तेव्हा पोरांना स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, उलटी करायला सांगतो, हा सगळ्यात सोपा प्रश्न समजतो आम्ही. तोच प्रोग्रॅम गोऱ्हे ला लावून बघा. मात्रा सुटी होऊन भलत्याच अक्षराला लटकते. क्षी हे एक अक्षर की चार, याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याने पतसंस्थेच्या डेटाबेसला हात लावू नये असं माझं आता मत झालंय, आणि शुक्रवारी हात लावणारा मीच होतो.

बरं, लाज वाटण्याचं आणखी एक कारण. आमच्या सर्चच्या कोडमध्ये एक फंक्शन होतं, नऱ्हे फिक्स नावाचं. मॅडम ऱ टाइप करतात त्याचा शोधायच्या आधी जॉइनरवाला र करून घेणारं, म्हणूनच इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. मी ते कैक वेळा बघितलेलं. मला वाटायचं नऱ्हे गावच्या कुठल्या तरी शाखेसाठी केलेली सोय असेल, कधीतरी काढून टाकू. ते लिहिणारे काका २०१६ ला रिटायर झाले. त्यांनी सी-डॅकच्या जिस्ट कार्डापासून मराठीत काम केलेलं, म्हणजे डॉसच्या मशीनमध्ये वेगळं कार्ड खोचायचं तेव्हा स्क्रीनवर देवनागरी उमटायची, आणि ते कार्ड करणारी संस्था इथलीच, आपल्या पुण्याची.

संध्याकाळी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग चहा घेऊन आले असावेत, कपाचा आवाज आला.

मी म्हटलं, "काका, एक कॉमेंट तरी लिहायची ना त्याच्यावर."

"लिहिली होती की रे. चांगली मराठीत लिहिली होती."

"नाहीये काका. मी आत्ता उघडून बसलोय."

"युनिकोडमध्ये नाही रे, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात लिहिली होती. तेव्हा तेच वापरायचो. तुमच्या त्या नवीन एडिटरात काहीतरी अगम्य दिसत असेल."

फोन ठेवून कोडचा जुना इतिहास चाळला. सापडली. २०१९ च्या एका कमिटमध्ये, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या बदलात, ती ओळ उडवलेली, खाली संदेश लिहिलाय की निरर्थक कॅरेक्टर काढली, आणि शेजारी माझं नाव. ती सगळी चिन्हं कॉपी केली, ऑफिसच्या एका जुन्या डेस्कटॉपवर तो फॉन्ट अजून होता म्हणून सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन तिथे पेस्ट केली, सिलेक्ट केली, फॉन्ट बदलला.

"हे काढू नये. गोऱ्हे सापडत नाहीत."