पत्र्यावर चढण्याआधी

सेलूकडच्या कापसातली सरकी काढायच्या एका जुन्या कारखान्याचे, म्हणजे जिनिंगचे, सिमेंटचे पत्रे उतरवताना आमच्यातला एक पोरगा पत्रा फुटून थेट खाली आला. कमरेचं हाड मोडलं. वरून पत्रा धड दिसतो, पण ऊन-पाऊस खाऊन पापड झालेला असतो. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा तर धुळीनं तसाच करडा दिसतो. पाय पडला की माणूस गेला.

मालक म्हणतात, तासाभराच्या कामाला सेफ्टी बेल्ट कशाला? फळ्या टाकून, बेल्ट लोखंडी कैचीला, म्हणजे पत्रे तोलणाऱ्या सांगाड्याला, अडकवल्याशिवाय मी कुणाला वर चढू देत नाही. जमेल तिथं खालून, परांचीवरूनच पत्र्याचे हुक सोडवतो.

आणि पोरांनो, पत्रा ओला करून अख्खा उतरवा, फेकू नका. आत ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात, पत्रा फुटला की त्यांची धूळ उडते. त्या धुळीचा कॅन्सर २०-३० वर्षांनीही उठतो. तोंडाला बांधलेल्या दस्तीनं ती अडत नाही.